हरळी आणि हिरवळ : परभणी जिल्ह्यातील गवत राखण्याच्या साधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

हरळी हे एकच गवत परभणी जिल्ह्यातील माणसाच्या जीवनात तीन नात्यांनी येते. शेतात ते तण असते आणि शेतकरी त्याचा समूळ नाश करू पाहतो. देवघरात तेच गवत दूर्वा होते आणि गणेशपूजेसाठी त्याच्या कोवळ्या शेंड्यांची २१ ची जुडी बांधली जाते. बंगल्याच्या किंवा महाविद्यालयाच्या अंगणात त्याला हिरवळ अथवा लॉन म्हणतात आणि तेथे ते खतपाणी घालून वाढविले जाते. वनस्पतिशास्त्र या तिन्हींना सायनोडॉन डॅक्टिलॉन या एकाच नावाने ओळखते. नाते बदलले की हातातील साधनही बदलते. शेतातील हरळीसाठी कुदळ, नांगर व वखर लागतो, दूर्वेसाठी केवळ बोटे पुरतात आणि हिरवळीसाठी विळा, कात्री किंवा गवत कापण्याचे यंत्र लागते.

घरासमोरील हिरवळ राखण्यासाठी कोणती साधने घ्यावीत हा प्रश्न वरवर पाहता गृहोपयोगी स्वरूपाचा वाटतो. तथापि एखाद्या प्रदेशातील साधनामागे तेथील माती, पाऊस, कारागिरी आणि श्रमविभागणी यांचा दीर्घ इतिहास असतो. हा इतिहास लक्षात न घेता केलेली निवड पुष्कळदा निरुपयोगी ठरते. परभणी जिल्हा हा काळ्या कसदार जमिनीचा, गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील जिल्हा होय. येथील कृषी विद्यापीठामुळे अवजारांच्या संशोधनाची परंपराही येथे आहे. त्यामुळे या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करण्यासाठी हा जिल्हा योग्य ठरतो.

उद्दिष्टे :

१) परभणी जिल्ह्यातील गवत व तण काढण्याच्या पारंपरिक साधनांचे स्वरूप समजून घेणे.
२) लोखंडी नांगर व गवत कापण्याचे यंत्र या दोन आधुनिक साधनांच्या आगमनाचा मागोवा घेणे.
३) साधन आणि ते वापरणारा श्रमिक, विशेषतः स्त्री श्रमिक, यांचा संबंध तपासणे.
४) या इतिहासाच्या आधारे घरगुती हिरवळीसाठी उपयुक्त साधनांचा विचार मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचे क्षेत्र आजच्या परभणी जिल्ह्यापुरते आहे. मात्र १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग परभणी जिल्ह्यातच होता. त्यामुळे जुन्या काळाचे विवेचन करताना हिंगोलीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो.

काळी माती आणि हरळीचा स्वभाव :

परभणी परिसरातील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व चिकट होते, तर उन्हाळ्यात आकुंचन पावून तिला खोल भेगा पडतात. या मातीत वरवरचे गवत सहज निघते, परंतु जमिनीखाली आडवे पसरणारे गवत निघत नाही. हरळीचा मुख्य गुण हाच आहे. तिचे प्रत्येक पेर मातीला टेकले की मूळ धरते, आणि जमिनीखालचे खोड काळ्या जमिनीत काही फूट खोल उतरते. वखराने तुकडे झाले तर त्या प्रत्येक तुकड्यापासून नवे रोप उभे राहते. पेरापेरातून फुटून पसरण्याच्या या गुणाची नोंद वैदिक वाङ्मयानेही घेतली आहे. तेथे तो वंशवृद्धीचे प्रतीक झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच गुण संकटाचा होता.

हरळीच्या जोडीला कुंदा आणि लव्हाळा ही दोन चिवट तणे येतात. लव्हाळ्याच्या मुळाशी गाठी असतात. वरची पाती कापली तरी गाठ शाबूत राहते आणि काही दिवसांत पुन्हा कोंब येतो. ओलावा सतत मिळणाऱ्या जमिनीत लव्हाळा अधिक फोफावतो. पूर्णा नदीवरील येलदरी धरण आणि जायकवाडीचा डावा कालवा यांमुळे जिल्ह्यातील बराच भाग ओलिताखाली आला. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली व १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. कालव्याच्या पाण्याने पिके बदलली, त्याचबरोबर बांधावरील व शेतातील तणांनाही बारमाही ओल मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यात गाजर गवताची भर पडली. १९५५ च्या सुमारास पुणे येथे प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण पुढे रस्ते, पडीक जागा आणि घरांची अंगणे व्यापून बसले. थोडक्यात, तणांचा इतिहास हा पाण्याच्या व दळणवळणाच्या इतिहासाशी निगडित आहे.

पारंपरिक साधने व त्यांचे कारागीर :

मराठवाड्यातील शेतकऱ्याकडे तण काढण्याची साधने दोन प्रकारची होती, बैलाने ओढायची आणि हाताने चालवायची. पहिल्या प्रकारात वखर व कोळपे येतात. वखराची आडवी फास जमिनीच्या पृष्ठभागाखालून सरकते व तणांची मुळे कापते. कोळपे हे त्याचेच लहान रूप असून ते पिकाच्या दोन ओळींतून चालते. दुसऱ्या प्रकारात खुरपे, विळा, कुदळ आणि फावडे ही साधने येतात. कोळप्याची फास पिकाच्या बुंध्यापर्यंत पोहोचत नाही. ओळीतील तण काढण्याचे काम अखेरीस खुरप्याकडेच येते.

खुरप्याची घडण साधी आहे. मुठीपासून वळवून पुढे पसरट केलेले धारदार पाते आणि बाभळीसारख्या चिवट लाकडाची मूठ एवढेच त्याचे भाग. मात्र पात्याची रुंदी, त्याचा कोन आणि त्याला दिलेले पाणी यांवर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. लाल होईपर्यंत तापविलेले पाते पाण्यात बुडवून त्याला कठीणपणा आणण्याच्या क्रियेस 'पाणी देणे' म्हणतात. पाणी कमी पडले तर धार वळते, आणि अधिक झाले तर पाते खड्यावर आपटून तुटते. वापराने बोथट झालेले अवजार भट्टीत घालून, घणाने ठोकून त्याची कड पुन्हा पातळ करण्यास 'शेवटणे' असा शब्द आहे. धार लावणे आणि शेवटणे या दोन भिन्न क्रिया आहेत. शेतकरी दगडावर धार लावतो, शेवटण्यासाठी मात्र त्याला लोहाराकडे जावे लागते.

बलुतेदारी पद्धतीत लोहार व सुतार हे शेतकऱ्याची अवजारे वर्षभर दुरुस्त करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेत. अवजार विकत घेणे आणि ते टिकविणे या एकाच नात्याच्या दोन बाजू होत्या. यांखेरीज गावोगाव फिरून अवजारे घडविणारे घिसाडी कारागीर होते. रस्त्याकडेला किंवा आठवडी बाजारात भाता व ऐरण मांडून ते विळे-खुरपी घडवीत. पुरुष सांडशीत लोखंड धरून त्याला आकार देतो आणि स्त्री घण मारते, ही श्रमविभागणी या समाजात आजही दिसते. मोटारी व मालमोटारी वाढल्यानंतर त्यांच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद या कारागिरांना उपलब्ध झाले आणि त्यापासून घडविलेली खुरपी अधिक टिकाऊ ठरली. आधुनिक वाहतुकीने टाकून दिलेला माल पारंपरिक कारागिरीने अशा रीतीने उपयोगात आणला.

संतसाहित्यातही श्रमाच्या साधनांना स्थान मिळाले. अरण येथील संत सावता माळी यांनी मळ्यातील काम व भक्ती यांत भेद मानला नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडशी जिचे नाव जोडले गेले त्या संत जनाबाईने दळण-कांडण, झाडलोट व शेण वेचणे या कामांना अभंगात आणले. ज्या कामांची नोंद राजदरबारी कोणी घेत नव्हते ती कामे या साहित्यात प्रथमच सन्मानाने दिसतात.

लोखंडी नांगर आणि हरळीविरुद्धचा लढा :

हरळी व कुंदा यांनी व्यापलेली जमीन मोकळी करण्यासाठी दख्खनमध्ये दोन उपाय होते. एक, मजुरांच्या टोळ्यांनी कुदळ व पहार घेऊन जमीन खणणे. दोन, जड लाकडी नांगराला चार-पाच बैलजोड्या जुंपून उन्हाळ्यात खोल नांगरट करणे. दोन्ही उपाय खर्चिक होते. इतक्या बैलजोड्या एका घरी क्वचितच असत. म्हणून शेजारपाजारची बैले एकत्र करून नांगरट करावी लागे आणि ती दरवर्षी करणे शक्य नसे.

या परिस्थितीत लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी बेळगाव येथे १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत असल्याने आरंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे अनुभवाने हा गैरसमज दूर झाला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून नांगरांचे उत्पादन वाढत गेले. लोखंडी नांगर माती केवळ फाडत नाही, तर तिची तास उलथवितो. उलथलेल्या ढेकळांतील हरळीची खोडे वैशाखाच्या उन्हात वाळतात. तण नष्ट करण्यात नांगर व ऊन यांचा वाटा समसमान आहे. साधन त्या प्रदेशाच्या हवामानाशी जुळले की त्याची शक्ती वाढते, हा या उदाहरणाचा महत्त्वाचा धडा होय.

परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग परभणी व पूर्णा या गावांवरून गेला. त्यामुळे कारखान्यात तयार झालेल्या लोखंडी मालासाठी नवी वाट खुली झाली. संस्थानी सरकारने १९१८ मध्ये परभणी येथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू केले. मराठवाड्यातील शेतीसंशोधनाचा हा प्रारंभ मानला जातो.

हिरवळीचे आगमन :

गवत काढण्याचा इतिहास प्राचीन आहे. त्या मानाने गवत मुद्दाम राखून ते एका उंचीवर कापण्याची प्रथा या प्रदेशात नवी आहे. मराठी घराचे पारंपरिक अंगण शेणाने सारवलेले, त्यावर रांगोळी घातलेले व तुळशीवृंदावन असलेले असे. तेथे गवत उगवणे हे घर ओस पडल्याचे लक्षण मानले जाई. दारात हरळी माजणे हे वैभवाचे चिन्ह नव्हते.

इंग्लंडमध्ये मात्र श्रीमंतांच्या वाड्यांसमोर विस्तीर्ण हिरवळ असे. ती लांब दांड्याच्या कोयत्याने कापली जाई किंवा मेंढ्यांकडून चारून घेतली जाई. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरील केसाळ भाग कातरण्याचे यंत्र त्याने कापडगिरणीत पाहिले होते. दंडगोलावर बसविलेली वक्र पाती फिरत फिरत एका स्थिर पात्याला घासतात व मधले गवत कात्रीप्रमाणे कापतात, हे त्या यंत्राचे तत्त्व त्याने हिरवळीसाठी वापरले. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवाना घेऊन या यंत्राची निर्मिती केली. पुढे घोडा किंवा तट्टू जुंपण्याची यंत्रे आली. भारतात मोठ्या मैदानांवर त्या जागी बैल आले.

परभणीच्या परिसरात इंग्रजी बंगलापद्धतीचा जवळचा संपर्क हिंगोलीमुळे आला असावा. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी तेथे एकोणिसाव्या शतकात होती. १८६५ मध्ये सालारजंग पहिले यांनी जिल्हाबंदीची व्यवस्था केल्यानंतर जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाऊ लागला. अधिकाऱ्याचे निवासस्थान, त्याभोवतीचे आवार आणि त्या आवाराची निगा राखणारा माळी हे प्रशासकीय जीवनाचे अंग बनत गेले. हिरवळ ही प्रथम सत्तेच्या आवारात आली व नंतर मध्यमवर्गीय घरापर्यंत पोहोचली, असा हा क्रम दिसतो.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. हिरवळ आली तरी माळ्याच्या हातातील साधने शेतातीलच राहिली. विळ्याने गवत कापणे, खुरप्याने तण काढणे आणि दाताळ्याने पालापाचोळा ओढणे हेच हिरवळ राखण्याचे मार्ग होते. यंत्र आयात करण्याचा खर्च मोठा होता आणि मजुरी स्वस्त होती. यंत्र न येण्याचे कारण अज्ञान नव्हते, तर श्रमाचे अल्प मूल्य हे होते.

कृषी विद्यापीठ आणि अवजारांचे संशोधन :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये परभणी येथे कृषी महाविद्यालय स्थापन झाले. तोपर्यंत मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना कृषिशिक्षणासाठी हैदराबादला जावे लागे. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ स्थापनेचे वर्ष हे महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचेही वर्ष होते. त्या काळात दुष्काळी कामांवर लाखो स्त्रीपुरुषांच्या हाती टिकाव, फावडे व घमेले आले. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा (१९७७) झाला.

विद्यापीठाच्या आवारात १९७६ मध्ये गृहविज्ञान महाविद्यालय व १९८६ मध्ये कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. या दोन शाखांमुळे अवजारांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकत्र आल्या. अभियांत्रिकी शाखेने अवजाराची कार्यक्षमता तपासली. पशुशक्तीचा योग्य वापर या योजनेत बैलचलित अवजारांवर काम झाले. गृहविज्ञान शाखेने अवजार वापरणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर पडणारा ताण हा अभ्यासाचा विषय केला. दातेरी विळा, सायकल कोळपे, हातमोजे यांसारखी श्रम कमी करणारी साधने शेतकरी स्त्रियांपर्यंत पोहोचविण्याचे प्रयत्न झाले. साध्या विळ्याला वारंवार धार लावावी लागते. दातेरी विळा करवतीसारखा कापत असल्याने हाताला कमी हिसका बसतो. सायकल कोळप्यामुळे वाकण्याऐवजी उभे राहून तण काढता येते.

साधन आणि ते धरणारा हात :

खुरपणी हे मराठवाड्यात प्रामुख्याने स्त्रियांचे काम आहे. शेताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्रत्येक बाईच्या वाट्याला येणाऱ्या पट्ट्यास 'पात' म्हणतात. पात धरलेल्या बाईला उकिडवे बसून, इंच इंच पुढे सरकत दिवस काढावा लागतो. गुडघे, कंबर व मनगट यांवर त्याचा परिणाम होतो. नांगर, वखर व पाभर ही पुरुषांची अवजारे होत. त्यांना बैल जोडले गेले आणि पुढे ट्रॅक्टर जोडला गेला. खुरप्याला मात्र शतकानुशतके मनगटाखेरीज दुसरी शक्ती मिळाली नाही.

हा भेद सरकारी नोंदींतही दिसतो. विसाव्या शतकात देशात पशुगणना सुरू झाली तेव्हा तिच्यासोबत लाकडी नांगर, लोखंडी नांगर, बैलगाड्या, उसाचे चरक, पुढे इंजिने व ट्रॅक्टर यांची मोजदाद होऊ लागली. घरोघरी असलेले खुरपे त्या मोजणीच्या दृष्टीने अवजारच नव्हते. ज्या साधनाची गणना होत नाही त्याच्या सुधारणेसाठी तरतूदही होत नाही. म्हणून गृहविज्ञान शाखेने खुरप्याला व विळ्याला अभ्यासाच्या कक्षेत आणले ही घटना अवजारांच्या इतिहासात महत्त्वाची मानावी लागेल.

अलीकडच्या काळात तणनाशकांचा वापर वाढला. खुरपणीस मजूर मिळत नाहीत व मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु खुरपणीची मजुरी हे भूमिहीन स्त्रियांच्या उत्पन्नाचे साधन आहे हेही तितकेच खरे आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घालून तो प्रशिक्षित कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. हे रसायन हरळीचाही नाश करते. त्यामुळे हिरवळीत त्याचा उपयोग करणे हे मुळातच विसंगत आहे. हिरवळीतील तणासाठी खुरपे हेच आजही खात्रीचे साधन ठरते.

घरगुती हिरवळीसाठी साधनांची निवड :

वरील विवेचनाच्या आधारे परभणीसारख्या प्रदेशात घरापुढील हिरवळीसाठी साधने निवडताना पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब गवताच्या जातीची. रोपवाटिकांत मिळणारी 'सिलेक्शन वन' ही लॉनची जात हरळीच्याच जातकुळीतील आहे. ज्या गवताला येथील माती व ऊन शतकानुशतके मानवले तेच येथे कमी श्रमात टिकते. अशा गवताच्या लहान अंगणासाठी हाताने ढकलायचे दंडगोल पात्यांचे यंत्र पुरेसे होते. बडिंगच्या मूळ तत्त्वावर चालणारे हे यंत्र गवत कात्रीप्रमाणे कापते. त्यामुळे शेंडे फाटत नाहीत व उन्हात पिवळे पडत नाहीत. आडव्या पात्याचे विजेवर किंवा पेट्रोलवर चालणारे यंत्र उंच वाढलेल्या गवतासाठी उपयोगी असले तरी ते गवत झटका देऊन तोडते. त्याची धार गेली की शेंडे चिंधडतात. शिवाय जमिनीतील खडे उडून इजा होण्याचा संभव असल्याने पायांत जाड जोडे हवेत. एका वेळी पात्याच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक उंची कापू नये, हा नियम दोन्ही यंत्रांना लागू आहे.

दुसरी बाब कडा व कोपऱ्यांची. भिंतीलगत व झाडाच्या बुंध्याशी यंत्र पोहोचत नाही. तेथे बागेची कात्री किंवा दातेरी विळा योग्य. नायलॉनच्या तारेने गवत कापण्याचे यंत्र अमेरिकेतील ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केले. मोटारी धुण्याच्या केंद्रातील फिरते ब्रश पाहून त्यांना ही कल्पना सुचली. हे यंत्र आज सर्वत्र दिसते. मोठ्या आवारासाठी ते सोयीचे आहे, पण चार-दोन कोपऱ्यांसाठी त्याची गरज नाही. कोवळ्या झाडांची साल त्याने सोलली जाते, ही त्याची उणीव आहे.

तिसरी बाब तणांची. लव्हाळ्यासाठी रुंद पात्याचे खुरपे उपयोगी पडत नाही, कारण ते वरची पाती कापते व गाठ तशीच ठेवते. अरुंद व लांब पात्याच्या खुरप्याने माती सैल करून गाठीसह तण काढावे लागते. माती भिजून वाफसा आल्यावर हे काम सोपे होते. गाजर गवत फुलोऱ्यात येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासह उपटावे. त्याच्या नियंत्रणासाठी भारतात १९८४ मध्ये आणलेले मेक्सिकन भुंगे हे मोकळ्या आवारात पूरक साधन ठरले आहे.

चौथी बाब मातीची. इंग्लंडमधील हिरवळीच्या वर्णनात रूळ फिरविण्याला महत्त्व असते. काळ्या मातीत ओल असताना रूळ फिरविल्यास माती घट्ट बसते व मुळांना हवा मिळत नाही. येथे रुळापेक्षा दाताळे व फावडे अधिक उपयोगी आहेत. उन्हाळ्यातील भेगा भरण्यासाठी वाळू, पोयटा व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण पसरावे लागते आणि ते काम या दोन साध्या साधनांनी होते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची बाब पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. मराठवाड्यात हिरवळ राखणे हा केवळ आवडीचा प्रश्न नसून सार्वजनिक जबाबदारीचा प्रश्न आहे. अशा वेळी हरळीचा स्वभावच मदतीस येतो. पाण्याअभावी ती वरून वाळते, परंतु जमिनीखालील खोड जिवंत राहते व पहिल्या पावसात पुन्हा फुटते. उन्हाळ्यात हिरवळ पिवळी पडू देणे हा निष्काळजीपणा नसून या प्रदेशाला साजेशी शिस्त आहे. स्नानगृहाचे व धुण्याचे वापरलेले पाणी गाळून झारीने देणे, गवत थोडे उंच ठेवणे आणि नळीने मुक्तपणे पाणी सोडण्याचे टाळणे, हे त्यातील व्यावहारिक मार्ग होत.

निष्कर्ष :

१) परभणी जिल्ह्यातील गवत राखण्याची साधने काळ्या मातीच्या व हरळी-लव्हाळ्यासारख्या तणांच्या स्वभावातून घडली आहेत.
२) लोखंडी नांगराचे यश हे केवळ लोखंडाचे नसून येथील उन्हाशी साधलेल्या मेळाचे यश आहे. बाहेरून आलेले साधन स्थानिक हवामानाशी जुळले तरच रुजते.
३) गवत कापण्याचे यंत्र १८३० मध्ये निर्माण झाले तरी स्वस्त मजुरीमुळे येथे दीर्घकाळ विळा व खुरपेच वापरात राहिले.
४) स्त्रियांच्या हातातील साधनांची नोंद व सुधारणा पुरुषांच्या साधनांच्या तुलनेत फार उशिरा झाली.
५) घरगुती हिरवळीसाठी हाताने ढकलायचे यंत्र, दातेरी विळा, अरुंद खुरपे, दाताळे, फावडे व झारी एवढी साधने बहुतांशी पुरेशी आहेत.

समारोप :

साधन विकत घेताना त्याची किंमत व वेग पाहिला जातो. ते कोण चालविणार आहे, त्याला बसून काम करावे लागेल की उभे राहून, बोथट झाल्यावर ते शेवटून कोण देणार, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. महाविद्यालये, शासकीय कार्यालये व वसाहती यांच्या आवारातील हिरवळ आजही बहुधा रोजंदारीवरील स्त्रियाच खुरपतात. त्यांच्या हाती लांब दांड्याचे अवजार, बसण्यासाठी पाटली किंवा हातमोजे देणे यांस फार मोठा खर्च येत नाही. ज्या आवारात कृषी व श्रमशास्त्राचे अध्यापन होते त्या आवारात तरी ही सुधारणा प्रथम व्हावी. अवजारांच्या इतिहासाचा अभ्यास संग्रहालयातील लाकडी नांगरापाशी थांबू नये, तो दाराबाहेरच्या हिरवळीवर खुरपे धरून बसलेल्या बाईपर्यंत पोहोचला पाहिजे.